मातृभाषेच्या रकान्यात तुम्ही काय लिहिणार?

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात फेब्रुवारी २०२६ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवलं. शिक्षकाला शिकवण्याखेरीज बरीच कामं असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवडणूक, पोलिओ, मतदारयादी आणि दर दहा वर्षांनी जनगणना. २०११ च्या फेब्रुवारीत मला आमच्याच मोहल्ल्याचा गट मिळाला होता. खांद्याला पिशवी, हातात फॉर्मचा गठ्ठा आणि घरोघरी तेच प्रश्न.

त्यात एक प्रश्न होता मातृभाषेचा. मी मराठीत विचारायचे, समोरची बाई मराठीत उत्तर द्यायची, आणि उत्तर असायचं, "उर्दू लिवा, बाई." मी लिहायचे. काही घरांत तर मी विचारलंच नाही. दारावरचं नाव वाचलं आणि रकाना भरून टाकला. मग माझं स्वतःचं घर आलं. अम्मा तेव्हा माझ्याकडेच राहायची. उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी तिच्या नावापुढे लिहीत असताना तिने विचारलं, "मेरा क्या लिखी गे?"

मी म्हटलं, "उर्दू."

ती हसली. म्हणाली, "मेरे कू कां आती उर्दू?"

खरंच तिला उर्दू येत नव्हती. ती घरात जे बोलायची त्याला आमच्या भागात लोक 'मुसलमानी' म्हणतात. शेतात, बाजारात आणि जात्यावर मात्र तिची भाषा मराठी. मी तो रकाना खोडला नाही, कारण फॉर्मवर खाडाखोड नको होती. अम्मा आता नाही. पण भारत सरकारच्या आकड्यांत ती उर्दू भाषक म्हणून कायमची नोंदली गेली, आणि ती नोंद तिच्या लेकीने केली.

आजचं माझं बोलणं याच रकान्याबद्दल आहे. जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती राहिली. आता येत्या एप्रिलपासून घरयादीचं काम सुरू होईल आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माणसं मोजली जातील. या वेळी स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायचीही सोय आहे. म्हणजे अनेक घरांत हा फॉर्म तुम्हीच भरणार आहात. आई-वडिलांचा, आजी-आजोबांचासुद्धा. मी केली ती चूक तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी मी आले आहे.

आधी देशाकडे बघू. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली, ती कच्च्या यादीत १९,५६९ होती. एकाच भाषेची वेगवेगळी नावं, गावाची नावं, जातीची नावं, सगळं त्यात होतं. भाषातज्ज्ञांनी ती छाननी करून १,३६९ मातृभाषांवर आणली. मग त्यांचे गट पाडून, दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषांची यादी छापली. त्यांपैकी २२ भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहेत आणि ९९ बाहेर.

गट पाडणं म्हणजे काय, ते बघा. हिंदीचे ५२.८ कोटी भाषक असं आपण ऐकतो. त्यात भोजपुरीचे पाच कोटींहून अधिक लोक आहेत, राजस्थानीचे अडीच कोटींहून अधिक आहेत. जम्मू-काश्मीरच्या डोंगरांत मेंढ्या-शेळ्या घेऊन फिरणाऱ्या मुसलमान बकरवालांची गोजरी, तीही हिंदीच्याच खात्यात मोजली आहे. या लोकांनी आपली भाषा वेगळी सांगितली. ज्यांनी स्वतः 'हिंदी' हेच नाव सांगितलं, ते साधारण ३२ कोटी.

आता आपला आकडा. २०११ मध्ये देशात मुसलमान १७.२२ कोटी होते. आणि उर्दू मातृभाषा सांगणारे ५.०७ कोटी. सगळे उर्दू भाषक मुसलमान धरले, तरी शंभर मुसलमानांमागे तीसही भरत नाहीत. मग उरलेले सत्तर कोणती भाषा बोलतात?

बंगालचा मुसलमान बंगाली बोलतो. सय्यद सुलतान या कवीने पैगंबरांच्या कथा बंगालीत आणल्या, त्याला आज चारेक शतकं झाली. केरळचा मापिला मल्याळम बोलतो. त्याने मल्याळम लिहायला अरबी लिपी वापरली आणि त्यात गाणी रचली. मोयिनकुट्टी वैद्यर यांचं 'बद्रुल मुनीर हुस्नुल जमाल' हे प्रेमकाव्य १८७२ चं. तमिळ मुसलमानांच्या घरी उमरु पुलवर यांचं 'सीरापुराणम' आहे. पैगंबरांचं चरित्र, पण तमिळ महाकाव्याच्या थाटात. आसामात अजान फकिरांचे जिकीर आहेत, असमिया भाषेत. मणिपूरचे पंगल मुसलमान मैतेई लोकांचीच मणिपुरी बोलतात. काश्मिरी, कच्छी, मेवाती, मंगळूरकडची ब्यारी... यादी लांबेल.

मी ही यादी पाठ करायला सांगत नाही. एक गोष्ट लक्षात घ्या. 'मुसलमानाची भाषा उर्दू' हे वाक्य आपल्याला इतकं सरावाचं झालंय, की आपण ते तपासतच नाही. आपल्यावर प्रेम करणारे ते म्हणतात आणि आपला राग करणारेही तेच म्हणतात. "तू मराठी छान बोलतेस गं," असं शाळेतल्या मावशी मला ३१ वर्षं म्हणत होत्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते.

दुसरी समजूत अशी, की मुसलमान आदिवासी असू शकत नाही. लक्षद्वीप बघा. २०११ ला तिथली लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास. त्यात मुसलमान ९६ टक्क्यांहून अधिक आणि अनुसूचित जमातीचे जवळपास ९५ टक्के. म्हणजे बहुतेक माणसं एकाच वेळी दोन्ही आहेत. तिथेही भाषा एक नाही. बहुतेक बेटांवर मल्याळमची एक बोली आहे आणि मिनिकॉय बेटावर महल, म्हणजे मालदीवच्या भाषेची बहीण. जम्मू-काश्मीरच्या गुज्जर आणि बकरवालांना १९९१ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तेही मुसलमान.

आणि लांब कशाला जायचं? जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल राहतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे आणि त्यांचा धर्म इस्लाम आहे. माझ्यासोबत एक तडवी शिक्षिका नोकरीला होत्या. त्या सांगायच्या, "बाई, ऑफिसात म्हणतात तुम्ही मुसलमान, मग आदिवासी कशा? आणि शहरात नातं जोडायला गेलं की म्हणतात तुम्ही आदिवासी, मग मुसलमान कशा?" दुसरा प्रश्न विचारणारे आपले लोक होते, हे मी मुद्दाम सांगते.

इथे कायदा नीट समजून घ्या, कारण कॉलेजात यावर वाद होतात. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे. १९५० च्या आदेशात ती घातली, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यातून वाट मिळाली. मुसलमान आणि ख्रिस्ती दलितांना मिळालेली नाही. पण अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. जमात ही जमात असते. माणूस नमाज पढो, चर्चमध्ये जावो, की डोंगरदेव पुजो. आज काही संघटना मागणी करताहेत की धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा. तसं झालं तर त्या शिक्षिकेच्या मुलीचं शिक्षण, वसतिगृह, नोकरी, सगळ्यावर घाला येईल. हा प्रश्न जितका आदिवासींचा आहे तितकाच आपला आहे.

आता महाराष्ट्र. आपण म्हणतो, हे मराठी राज्य. ते आहेच. मराठी बोलणारे देशात ८.३ कोटी, हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. पण याच राज्यात गडचिरोलीचा गोंड गोंडी बोलतो, यवतमाळचा कोलाम कोलामी बोलतो. या भाषा तेलुगू-कन्नडच्या कुळातल्या. मेळघाटचा कोरकू जी भाषा बोलतो ती झारखंडच्या संथाली-मुंडारीच्या कुळातली. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या भागात निहाली नावाची भाषा आहे. तिचे बोलणारे दोनेक हजार उरलेत आणि जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं अजून जुळलेलं नाही.

राज्यं भाषावार झाली, १९५६ मध्ये आणि आपलं १९६० मध्ये. ज्यांच्याकडे लिहिलेलं साहित्य होतं, पुढारी होते, वर्तमानपत्रं होती, त्यांना राज्य मिळालं. गोंडी महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशी वाटली गेली. भिली महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थानात वाटली गेली. २०११ मध्ये भिलीचे भाषक एक कोटी चार लाख. आठव्या अनुसूचीत ती नाही. संस्कृत आहे आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे होते २४,८२१. मला संस्कृतबद्दल आकस नाही. मी फक्त आकडे शेजारी ठेवले. अनुसूचीत असलेल्या भाषेत यूपीएससीची मुख्य परीक्षा लिहिता येते. भिल्लाच्या मुलाला ती त्याच्या भाषेत लिहिता येत नाही. संथाली आणि बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आल्या, त्यामागे त्या समाजांची अनेक वर्षांची चळवळ होती. आपली भाषा आहे हे आधी त्यांनी ठामपणे सांगितलं, मग सरकारने ऐकलं.

तुम्ही म्हणाल, बाई, एका रकान्याने काय होतं? होतं. तीन ठिकाणं सांगते.

पहिलं पाकिस्तान. नव्या देशात सर्वांत जास्त लोक बंगाली बोलणारे होते. मार्च १९४८ मध्ये ढाक्याला जाऊन जिनांनी सांगितलं की राष्ट्रभाषा उर्दूच असेल. धर्म एक, म्हणून भाषा एक, असा तो हिशोब. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या घटनेत बंगालीला जागा मिळाली, पण मनं तुटायला लागली होती. १९७१ ला देशच तुटला. युनेस्कोने १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन ठरवला तो याच आठवणीने. मारणारे आणि मरणारे, बहुतेक सगळे कलमा पढणारे होते. धर्म एक असला म्हणजे भाषेचा प्रश्न मिटतो, हा भ्रम तिथे संपला.

दुसरं पंजाब. १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेत लाखो पंजाबी बोलणाऱ्या हिंदूंनी मातृभाषा हिंदी सांगितली. तसा प्रचारच झाला होता. घरात आईशी पंजाबीत भांडणारी माणसं कागदावर हिंदी भाषक झाली. पंजाबी ही शिखांची भाषा, असा शिक्का बसायला त्याने मदत केली. पुढे १९६६ मध्ये राज्याची फाळणी झाली आणि त्या कडवटपणाची किंमत सगळ्यांनीच मोजली.

तिसरं आसाम. हे उदाहरण मी मुद्दाम शेवटी ठेवलं. पूर्व बंगालातून आलेल्या मुसलमान शेतकऱ्यांनी स्वातंत्र्यानंतर मोठ्या संख्येने आपली भाषा असमिया नोंदवली. मुलांना असमिया शाळांत घातलं. आम्ही इथलेच आहोत, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्या नातवंडांना तरी एनआरसीच्या रांगेत उभं राहावं लागलं. ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाखांवर माणसं बाहेर राहिली. त्यात हिंदूही होते, मुसलमानही.

म्हणून मी तुम्हाला "उठा आणि मराठी लिहा" असं सांगायला आलेली नाही. भीतीपोटी मराठी लिहिणं आणि सवयीने उर्दू लिहिणं, दोन्ही खोटंच. कुणाला खूश करण्यासाठी भरलेला रकाना आपलं रक्षण करत नाही. आपली निष्ठा तपासणाऱ्याला भाषेने समाधान मिळत नाही. तो दुसरं काहीतरी मागतो.

मग उर्दूचं काय? ज्याच्या घरात खरोखर उर्दू बोलतात, त्याने उर्दूच लिहावं, आणि ठणकावून लिहावं. २०११ मध्ये महाराष्ट्रात १.३० कोटी मुसलमान आणि सुमारे ७५ लाख उर्दू भाषक होते, म्हणजे शंभरी अठ्ठावन्न. मालेगाव, भिवंडी, औरंगाबादमध्ये हजारो घरांची ती खरी भाषा आहे. उर्दू शाळांची मागणी करताना ही संख्या लागते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, असं घटनेचं कलम ३५० क सांगतं. उर्दूचा हक्क कमी व्हावा असं मला वाटत नाही. पण उर्दू मुसलमानांचीच असं म्हटलं, तर प्रेमचंद, कृष्णचंदर आणि रघुपती सहाय 'फिराक' यांना आपण घराबाहेर काढतो. आणि मराठी हिंदूंचीच असं म्हटलं, तर श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे, बाहेर जातात. 'सिद्धांतबोध'कार शाह मुनी जातात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा डफाच्या थापेवर पेटवणारे शाहीर अमर शेख जातात. हमीद दलवाई जातात, ज्यांनी मुसलमान समाजावरची टीकाही मराठीतच लिहिली. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा लोकांना वाटलं काही नवीनच घडतंय. खरं तर तीन-चारशे वर्षं जुनी गोष्ट मंडपात आली होती.

आता माझ्या अम्माच्या भाषेकडे येते. तिची 'मुसलमानी' म्हणजे दखनी. मला लहानपणी तिची लाज वाटायची. उर्दूवाले हसायचे, ही कसली उर्दू. मराठीवाले हसायचे, ही कसली हिंदी. पुढे वाचताना कळलं की उत्तरेत उर्दू कवितेला बहर यायच्या आधी विजापूर-गोवळकोंड्यात दखनीत ग्रंथ लिहिले जात होते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने स्वतः 'किताबे-नौरस' दखनीत रचलं. औरंगाबादच्या वलीने याच मातीतून दिल्लीला वाट दाखवली. आणि तिच्यात मराठी किती मुरली आहे बघा. आपण 'नक्को' म्हणतो, तो मराठीतला 'नको'. 'वोइच', 'अब्बीच' म्हणतो, त्यातला 'च' मराठीचा आहे. ती बोली उर्दूची बिघडलेली लेक नाही आणि मराठीची सावत्र लेकही नाही. दख्खनच्या मातीत शेजारी-शेजारी राहणाऱ्यांनी ती घडवली.

कुराणात सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी सांगितली आहे. मी धर्माची जाणकार नाही. पण निशाणी जपायची असते, पुसायची नसते, एवढं मला कळतं.

जनगणनेत मातृभाषेची व्याख्या साधी आहे: लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती, आई लहानपणीच गेली असेल तर घरात जी बोलली जायची ती. आपल्या धर्माची भाषा असं त्यात कुठेच नाही. २०११ च्या प्रगणक पुस्तिकेत तर स्पष्ट सूचना होती, की धर्म आणि मातृभाषा यांचा संबंध जोडू नका. माणूस सांगेल तीच भाषा लिहा, वाद घालू नका. ती पुस्तिका माझ्या पिशवीत होती. मी वाचलीही होती. तरी दारावरचं नाव बघून रकाने भरले.

शिवाय २०११ च्या फॉर्ममध्ये मातृभाषेखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषा लिहायला जागा होती. तिथे मराठी येते, उर्दू येते, हिंदी-इंग्रजी येते. एक लिहिली म्हणून दुसरी हरवत नाही.

तर पुढच्या वर्षापर्यंत एवढं करा. घरी जाऊन आजीला, नानीला विचारा, तुम्ही लहानपणी घरात काय बोलायचात? त्याला काय म्हणायचात? कोकणातली असेल तर कदाचित 'कोकणी' म्हणेल, खानदेशातली 'अहिराणी' म्हणेल, कुणी 'मराठीच की' म्हणेल, कुणी 'उर्दू' म्हणेल. जे नाव ती देईल ते जसंच्या तसं लिहा. ही बोली आहे की भाषा, हे ठरवणं तुमचं काम नाही, प्रगणकाचंही नाही. आणि जमलं तर तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. अंदमानात २०१० मध्ये बोआ नावाच्या आजी वारल्या आणि त्यांच्यासोबत बो ही भाषा संपली. शेवटची काही वर्षं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला कुणी नव्हतं. आपल्या आजीवर ती पाळी यायची नाही, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

तुमच्यातले काही जण शिक्षक व्हाल, प्रगणक म्हणूनही जाल. तेव्हा भिल्लाच्या पाड्यावर, पारध्याच्या पालावर, बिहारी मजुरांच्या खोलीवर जाताना मनाने रकाना भरू नका. विचारा. उत्तर ऐकून घ्या. आपल्याबद्दल जगाने जे करू नये असं वाटतं, ते आपण दुसऱ्याबाबत करायचं नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. पुढच्या फेब्रुवारीत माझ्या नावापुढे मातृभाषा म्हणून 'दखनी' असेल. इतर भाषांत पहिली मराठी, कारण तिने मला अन्न दिलं आणि शब्द दिले. अम्माचा रकाना मला आता दुरुस्त करता येणार नाही. तुमच्या अम्मांचे अजून कोरे आहेत.